खिंडीतली पंचवीस मिनिटं

‘बाई, तुमी पण जरा हात लावा. एक माणूस कमी पडतंय.’

आरोग्य केंद्रात रुजू होऊन मला दुसराच दिवस होता, आणि सरकारी जीपचा ड्रायव्हर केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, म्हणजे मला, जीप ढकलायला बोलावत होता. मी साडीचा पदर खोचला आणि कंपाउंडरच्या शेजारी उभी राहून जोर लावला. जीप शाळेच्या पटांगणावरून हलली, रस्त्याला लागली, दोन आचके देऊन सुरू झाली. माझ्या नव्या चपलेचा अंगठा तिथेच तुटला.

पाथरवाडीत सपाट जागा म्हणून एवढं शाळेचं पटांगणच. बाकी सगळा डोंगराचा उतार. आमच्या जीपची बॅटरी केव्हाच राम म्हणाली होती आणि नवीन बॅटरीची मागणी आठ महिने कागदावर फिरत होती. पण उतार असल्यावर बॅटरी हवी कुणाला? त्या खोऱ्यातले सगळेच जीपवाले रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावत. सकाळी ब्रेक सोडला की गाडी आपसूक घरंगळायची, गिअर टाकला की सुरू.

आमचे कोंडीराम संकपाळ तेवढे जगावेगळे. ते केंद्राच्या दारातून गाडी सुरू न करताच घरंगळत खाली आणायचे आणि नेमकी पटांगणाच्या सपाटीवर थांबवायचे. मग बॉनेट उघडायचं. रेडिएटरचं टोपण काढून आत बोट घालून पाणी बघायचं, तांब्यानं वर घालायचं. तेलाची पट्टी ओढून धोतराच्या फडक्यानं पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा ओढायची, डोळ्यांसमोर धरायची. ब्रेकच्या तेलाची डबी, फॅनचा पट्टा. वीस मिनिटं तरी जायची. आणि एवढं झाल्यावर, उतार फुकट घालवून झाल्यामुळे, गाडी ढकलायला चार माणसं लागायची.

‘हे सगळं वर दारातच बघत जा ना, कोंडीरामभाऊ,’ मी एकदा वैतागून म्हटलं.

‘सपाटीवर बघायची रीत हाय, बाई. आन् गाडी गार असताना.’

‘कुणाची रीत?’

‘माझी,’ ते म्हणाले आणि पट्टी पुसू लागले.

त्यांची बायको हौसा पाणवठ्यावरून येता येता ढकलायला थांबायची. डोक्यावरचा हंडा शाळेच्या पायरीवर ठेवायची आणि दोन गड्यांचा जोर लावायची. ‘गाडीचं त्वांड रोज निरखून बघत्यात, बाई,’ ती मला म्हणायची. ‘माझं त्वांड सणासुदीला.’ कोंडीरामभाऊ ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण कान लाल व्हायचे. पन्नाशीचा माणूस आणि बायकोनं चिडवलं की पोरासारखा लाजायचा. मला ती जोडी फार आवडायची.

कार्तिकात गवतकापणीसाठी त्यांनी पाच दिवसांची रजा टाकली. मला गाडी चालवता येत होती. वडिलांनी कोल्हापुरात शिकवली होती, परवाना होता, आणि त्याचा मला तोराही होता. ते पाच दिवस खोऱ्यातल्या खोऱ्यात, दोन-तीन मैलांवरच्या वाड्यांना मीच जीप नेली.

‘रोज सकाळी बघायचं बरं का,’ त्यांनी बजावलं होतं. ‘तांब्याभर पाणी पितीया रोज. पंपाजवळनं झिरपतंय.’

मी बघत होते. रोज सकाळी, गाडी गार असताना, पण दारातच. मला चार माणसं गोळा करायची हौस नव्हती. टोपण काढलं की पाणी अगदी तोंडाशी आलेलं दिसायचं. पट्टीवर तेलही भरपूर. एक दिवस तसं, दुसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी हौसा दारावरून चालली होती, तिला मी हाक मारून सांगितलं, ‘तुमच्या मालकांना सांगा, गाडी माझ्या हाताला लागली आणि तिनं पाणी प्यायचं सोडलं.’

‘आसं काय बोलू नका त्यास्नी,’ हौसा हसत म्हणाली. ‘रुसून बसतील.’

पाचव्या दिवशी दुपारी बारा वाजता तिलाच झोळीत घालून आणलं.

गवत कापताना पायाला नाग चावला होता. घोट्यावर दोन ठिपके, भोवती सूज. कोंडीरामभाऊ एका टोकाला, हौसाचा धाकटा भाऊ आनंदा दुसऱ्या टोकाला, डोंगरावरून तासभर पळत आले होते. हौसा शुद्धीवर होती, पण पापण्या जड झाल्या होत्या. ‘दोन दोन दिसतंय, बाई,’ ती म्हणाली, आणि शब्द तोंडात गोळा झाल्यासारखे आले. केंद्रात सापाच्या लसीच्या चार कुप्या होत्या. चारही दिल्या. तेवढ्यानं भागणार नव्हतं, हे मला दिसत होतं. विष श्वासाकडे चाललं होतं. जिल्ह्याचं मोठं रुग्णालय अठ्ठेचाळीस किलोमीटर, आणि मध्ये चिखलखिंडीचा चढ.

‘मी हिच्यापाशी बसते. गाडी तुम्ही घ्या,’ मी म्हटलं.

कोंडीरामभाऊंनी फक्त एवढंच विचारलं, ‘पानी बघितलंसा?’

‘सकाळीच. काठोकाठ आहे. तेलही बघितलं.’

त्यांनी मान हलवली आणि ते चाकामागे बसले. पटांगणावर थांबल्याशिवाय पाऊल पुढे न टाकणारा माणूस त्या दिवशी माझ्या शब्दावर तो उतार घेऊन निघाला. पटांगण आलं आणि मागे गेलं.

खिंडीचा चढ सुरू झाला तेव्हा हौसाला बोलता येईनासं झालं होतं. लाळ गिळता येईना. मी तिला कुशीवर केली, तोंड पुसत राहिले. सहा-सात वळणं गेल्यावर तिची छाती हलायची जवळजवळ थांबली. मी पिशवीतून श्वास द्यायचा फुगा काढला, मुखवटा तिच्या नाकातोंडावर घट्ट धरला आणि फुगा दाबायला लागले. एक दाब, छाती वर. सोडला, छाती खाली. माझ्या हातातून तिचा श्वास चालला होता. थांबले तर तीही थांबणार, इतकं ते सोपं आणि भयंकर होतं.

तेवढ्यात गाडी थांबली.

‘काय झालं?’

‘तापली.’

पुढच्या काचेतून बॉनेटच्या फटीतून वाफ निघताना दिसत होती. कोंडीरामभाऊंनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, खाली उतरून दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले. मग गोणपाट हाताला गुंडाळून बॉनेट उचललं आणि दोन पावलं मागे सरले.

आनंदा मागून उडी मारून उतरला. सीटखालचा पाण्याचा कॅन त्यानं ओढून काढला. ‘दाजी, वता बिगीबिगी.’

‘थांब.’

‘थांब काय? टोपण काढा.’

आनंदाचा हात पुढे झाला, आणि कोंडीरामभाऊंनी तो मनगटात धरला. आवाज न चढवता म्हणाले, ‘टोपनाला हात लावायचा न्हाई. आत पानी उकळतंय. टोपण निघालं की वाफ तोंडावर येईल. तुजं डोळं जातील, आन् उरल्यालं पानी बी जाईल. गार पानी वतलं तर इंजिनाचं डोकं तडकंल. मंग हौसाला खांद्यावर नेशील का खिंड वलांडून?’

‘किती वेळ थांबायचं?’ मी आतून ओरडले.

‘गाडी सांगंल तेवडा.’

‘कोंडीरामभाऊ, हिला एवढा वेळ नाही.’

ते मागच्या बाजूला आले. हौसाकडे त्यांनी पाहिलं. ती निळसर पडली नव्हती, डोळे अर्धे उघडे होते, आणि मला माहीत होतं की तिला सगळं ऐकू येत असणार. नागाच्या विषात तसंच असतं. माणूस आत जागा असतो. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

‘बाई, तुमचा हात चाललाय तवर तिचा दम चाललाय न्हवं?’

‘हो.’

‘मग तुमी हात थांबवू नका. मी गाडीचं बघतो. हौसा, हितंच हाय मी.’

आनंदा रडत होता आणि बोलत होता. ‘बायको हाय का कोन हाय तुमची? दगडाचं काळीज हाय तुमचं.’ कोंडीरामभाऊंनी खिशातलं फडकं काढलं आणि कामाला लागले.

मी फुगा दाबत होते आणि वर केलेल्या बॉनेटच्या खालच्या फटीतून मला त्यांचे हात दिसत होते. त्यांनी तेलाची पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली, बघितली. ब्रेकच्या डबीचं झाकण आधी बाहेरून स्वच्छ पुसलं, आत कचरा जाऊ नये म्हणून, मगच उघडलं. फॅनचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला. रोजच्या त्याच क्रमानं, त्याच संथपणे. मधूनच बोटं पाण्यात बुडवून दोन थेंब रेडिएटरवर उडवायचे. थेंब चर्र करून उडून जायचे. ‘न्हाई अजून,’ ते स्वतःशी म्हणायचे. त्यांची बायको सहा हातांवर मरणाच्या दारात होती आणि तो माणूस झाकण पुसत होता. आधी मला त्यांचा संताप आला. मग संताप कुठे गेला कळलं नाही. मी इतकी मोठी परीक्षा कुणाला देताना पाहिलं नव्हतं, आणि तीही इतक्या हलक्या हातानं.

‘पाणी गेलं कसं?’ मी विचारलं. ‘सकाळी तर तोंडाशी होतं.’

त्यांचे हात क्षणभर थांबले.

‘पायप फुटला आसंल,’ ते म्हणाले. ‘आनंदा, बाईंच्या पिशवीतनं चिकटपट्टी दे रं. जाड आसंल ती.’

आनंदानं पट्टी दिली. कोंडीरामभाऊ बराच वेळ खाली वाकून रबरी नळीला पट्टी गुंडाळत होते. मला बरं वाटलं. नळी फुटली, त्याला कोण काय करणार.

माझा उजवा हात बधिर झाला. आनंदाला आत बोलावून मी त्याला फुगा दाबायला शिकवलं. ‘मनाशी चार मोज आणि दाब. छाती उठते का बघ.’ तो रडायचा थांबला. हाताला काम मिळाल्यावर माणूस थांबतो. मी मुखवटा दोन्ही हातांनी धरला. माझ्या घड्याळात अठरा मिनिटं झाली होती.

वीस मिनिटांनी रेडिएटरवर थेंब पडला आणि तसाच राहिला. त्यांनी वरची जाड नळी चिमटीत दाबून पाहिली. घट्ट होती. पुन्हा थांबले. पुन्हा दाबली. तिसऱ्या वेळी नळी दबली. मग त्यांनी गोणपाट घडी घालून टोपणावर ठेवलं, तोंड बाजूला वळवलं आणि टोपण अर्धा फेर फिरवलं. फुस्स करून थोडी वाफ निघाली. ती संपेपर्यंत तसेच उभे राहिले, मग टोपण काढलं. पाणी थेंबाथेंबानं म्हणावं इतकं हळू ओतलं, थांबत थांबत. पंचवीस मिनिटं झाली होती.

आणि मग मला आठवलं की बॅटरी नाही. गाडी चढाला तोंड करून उभी होती. पुढे उतार नव्हता. मागे होता, आणि मागे पंधरा पावलांवर वळण होतं, वळणाला कठडा नव्हता.

‘भाऊ,’ मी म्हटलं आणि मागच्या वळणाकडे पाहिलं.

‘म्हनूनच बिरेक बघितला,’ ते म्हणाले आणि चाकामागे बसले. ‘आनंदा, खाली उतर. दगड काढ म्हनलं की दोन्ही काढ, आन् बाजूला हो.’

फुगा पुन्हा माझ्या हातात आला. त्यांनी क्लच दाबला, उलटा गिअर टाकला, हँडब्रेक सोडला, मान मागे वळवली. त्यांचे डोळे माझ्या खांद्यावरून रस्त्यावर गेले, पण वाटेत एकदा हौसाच्या तोंडावर थांबले. ‘काढ.’ गाडी मागे सरकली. पाच पावलं, सात, नऊ. वळणापलीकडचं आभाळ मला मागच्या उघड्या बाजूतून सरळ दिसू लागलं. मी दाबायचं सोडलं नाही. एवढंच त्या वेळी माझ्या हातात होतं. त्यांनी क्लच सोडला. गाडीला असा हिसका बसला की माझं डोकं लोखंडावर आपटलं, आणि इंजिन बोललं. ब्रेक लागला. मागचं चाक काठापासून किती होतं हे मी बघितलं नाही. आनंदानं बघितलं, आणि मागे चढल्यावर दोन्ही हातांनी कांब घट्ट धरून बसला.

खिंडीच्या माथ्यावर त्यांनी पुन्हा थोडं पाणी घातलं. तीनला पाच कमी असताना आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो.

श्वासाचं यंत्र त्या काळी तिथे एकच होतं आणि ते दुसऱ्याला लावलेलं होतं. घशात नळी घालून हातानंच श्वास द्यायचा ठरला. चाळीस तास. आनंदा, मी, वॉर्डातली एक परिचारिका आणि कोंडीरामभाऊ, पाळीपाळीनं. कोंडीरामभाऊ सर्वांत जास्त. त्यांचा दाब शेवटपर्यंत एकसारखा होता. परिचारिका म्हणाली, यांनी आधी कुठे काम केलंय का. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हौसाची बोटं हलली. तिसऱ्या दिवशी ती आपली आपण श्वास घ्यायला लागली. नळी काढल्यावर तिचा पहिला शब्द घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा होता. ‘समदं ऐकलं म्या,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘टोपण पुसत बसलावता न्हवं?’

तेव्हा कुठे तो माणूस भिंतीला टेकून खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून रडला.

पाचव्या दिवशी मी पाथरवाडीला परतायला निघाले. केंद्र किती दिवस बंद ठेवणार? जीप मीच नेणार होते. व्हरांड्यात कोंडीरामभाऊ माझी वाट बघत उभे होते.

‘बाई, हात कसा हाय तुमचा?’

फुगा दाबून दाबून माझं मनगट सुजलं होतं, त्याला मी पट्टा बांधला होता. ‘उतरली सूज,’ मी म्हटलं.

‘बगू.’

मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, नुसता पाहिला. मी बोटं उघडमीट करून दाखवली.

‘मंग आता एक सांगायचं हुतं. तुमी गाडी न्येनार, म्हनून. न्हाईतर सांगितलं नसतं.’ ते थांबले. ‘पायप फुटला न्हवता.’

मला आधी कळलंच नाही.

‘गाडीत पानीच कमी हुतं, बाई. पाच दिसांचं. तुमी वर दारात बघितलंसा. गाडीचं नाक उताराकडं. समदं पानी म्होरं येतंय, तोंडाशी दिसतंय. तेलाचं बी तसंच, पट्टी खोटं सांगती. चढाला नाक वर झालं की त्येच पानी मागं पळतंय, रेडिएटर मोकळा. म्हनून मी सपाटीवर बघतो.’

व्हरांड्यातून माणसं येत-जात होती. कुणाचा तरी डबा घेऊन एक बाई आमच्या मधून वाट काढत गेली. काठोकाठ आहे, हे माझे स्वतःचे शब्द मला ऐकू येत होते.

‘पण तुम्ही नळीला पट्टी बांधली,’ मी म्हटलं.

‘चांगल्या नळीला बांधली.’

‘तुम्हाला केव्हा कळलं?’

‘बॉनेट उघडलं तवाच. कुटं बी धार न्हाई, पंपाजवळ रोजचीच वल. म्हनलं, उतारावरच बघितलंय बाईंनी.’

म्हणजे ती पंचवीस मिनिटं. पट्टी पुसताना, थेंब उडवताना, आनंदाच्या शिव्या खाताना, त्या सगळ्या वेळात त्यांना ठाऊक होतं की त्यांची बायको कुणाच्या चुकीपायी त्या चढावर अडकली आहे, आणि ती बाई सहा हातांवर बसली आहे. मी व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले.

‘मला तिथेच का नाही बोललात? मला शिव्या का नाही दिल्यात?’

कोंडीरामभाऊ माझ्या शेजारी बसले नाहीत. ते कधीच बसले नसते. उभ्याउभ्याच, गाडीविषयी काही साधं समजावून सांगावं तसं ते म्हणाले,

‘हौसाचा दम तुमच्या हातात हुता, बाई. त्यो हात थरथरला आसता.’